देऊळ, इगर्ज, मशीद: कोणती कृती कशी करायची, आणि कुणी करायची

गोव्यात एकाच आठवड्यात सोमवारी मंगेशीची पालखी, बुधवारी शेजारच्या वारलेल्या आजीचे महिन्याचे मीस (इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, उपासना) आणि शुक्रवारी फोंड्यातल्या मित्राचा निकाह असा योग सहज येतो. माणसे सगळीकडे मनापासून जातात, पण हातपाय चुकतात. शंकराला पूर्ण फेरी घालतात, इगर्जीत प्रसाद समजून कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेला लागतात, नमाज चालू असताना समोरून सरळ निघून जातात. कुणी ओरडत नाही, म्हणून चूक झाली हे कळतही नाही.

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घ्या. उपासनेतल्या शारीरिक कृती तीन प्रकारच्या असतात. काही आल्या-गेल्या सर्वांनी पाळायच्या: चपला काढणे, डोके झाकणे, इतर उभे राहिले की उभे राहणे. काही श्रद्धेने कुणीही करू शकतो: हात जोडणे, मेणबत्ती लावणे, माथा टेकणे. आणि काही त्या धर्माची दीक्षा किंवा बंधन असलेल्यांसाठीच असतात: कम्युनियन घेणे, जमातीत (इमामामागे एकत्र) नमाज पढणे, सोवळ्याने गर्भकुडीत (गाभाऱ्यात) जाणे. बहुतेक घोटाळे पहिला प्रकार विसरल्याने किंवा तिसऱ्यात घुसल्याने होतात. शंका आली की गप्प उभे राहावे. त्यात कधीच चूक होत नाही.

1. घरातून निघताना

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे तिन्ही ठिकाणी चालतात. फोंडा तालुक्यातल्या मोठ्या देवळांत अर्ध्या चड्डीवाल्यांना दारातच अडवतात, जुन्या गोव्याच्या इगर्जींबाहेरही तसे फलक आहेत. पँट इतकी घट्ट नको की खाली बसता येणार नाही. वाकताना सदरा वर सरकून पाठ उघडी पडू नये.

सोबत एक मोठा सुती रुमाल ठेवा. गुरुद्वारात, दर्ग्यात, मशिदीत डोके झाकायला तोच उपयोगी पडतो. पायांत सहज निघणाऱ्या चपला घाला. पावसाळ्यात मोजे घालूच नका: देवळाच्या चौकात पाणी असते, ओल्या मोज्यांनी पाय घसरतो आणि मशिदीची चटई भिजते.

*तपासून पाहा:* फोन बंद आहे का? नुसता थरथरता ठेवला तरी मिसाच्या शांततेत लाकडी बाकावर तो ढोलासारखा वाजतो.

2. देवळात: पाय धुण्यापासून तीर्थापर्यंत

क्रम असा: पाय धुणे, बाहेरून नमस्कार, घंटा, दर्शन, प्रदक्षिणा, साष्टांग किंवा पंचांग नमस्कार, तीर्थ-प्रसाद, थोडे बसणे. आरती चालू झाली की हा क्रम जिथे असेल तिथे थांबतो. आरतीच्या वेळी प्रदक्षिणा घालत फिरणे चांगले दिसत नाही.

*हात जोडणे.* दोन्ही तळवे पूर्ण चिकटलेले, अंगठे छातीजवळ, बोटांची टोके किंचित पुढे, मान खाली. एका हातात चपलांची पिशवी आणि दुसऱ्याने कपाळाला टिचकी, हा नमस्कार नव्हे. पिशवी खाली ठेवायला दोन क्षण लागतात.

*घंटा.* आत जाताना एकदा, हलक्या हाताने. निघताना वाजवत नाहीत.

*उभे राहण्याची जागा.* शंकराच्या देवळात नंदी आणि पिंडी यांच्या मधल्या सरळ रेषेत उभे राहू नये, थोडे बाजूला व्हावे. तसे केले की मागच्या माणसालाही दर्शन मिळते.

*प्रदक्षिणा.* देव नेहमी आपल्या उजव्या हाताला. म्हणजे देवाकडे तोंड करून उभे असताना आपल्या डाव्या बाजूने चालायला सुरुवात करायची. परंपरेने ठरलेली संख्या: देवीला 1, गणपतीला 3, विष्णूला 4, सूर्याला 7, आणि शंकराला अर्धी. चाल संथ, हात जोडलेले, तोंडाने नाव. पळत घातलेल्या अकरा फेऱ्यांपेक्षा नीट घातलेली एक बरी. म्हार्दोळची म्हाळसा नारायणी म्हणजे विष्णूचे मोहिनीरूप. तिला एक की चार, हा वाद चौकात घालत बसू नका, भटजी सांगतील तसे करा.

अर्धी प्रदक्षिणा बहुतेकांना येत नाही, म्हणून ती नीट पाहू. पिंडीवरच्या अभिषेकाचे पाणी गर्भकुडीच्या भिंतीतून एका पन्हळीने बाहेर पडते. ही पन्हळ बहुधा उत्तरेला असते. तिला सोमसूत्र म्हणतात, काही ठिकाणी तिच्या तोंडाशी गोमुख कोरलेले असते. ती ओलांडायची नाही, एवढाच मूळ नियम. मंगेशी, नागेशी, रामनाथी या शिवाच्या ठाण्यांवर तो लक्षात ठेवा.

- आधी सोमसूत्र कुठे आहे ते पाहून घ्या. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर देवासमोर उभे राहिल्यावर ते तुमच्या उजवीकडे असते.
- डावीकडून निघा, मागच्या भिंतीला वळसा घालून सोमसूत्राच्या अलीकडच्या कडेपर्यंत या.
- तिथे थांबून हात जोडा आणि आल्या वाटेने परत समोर या.
- आता उलट बाजूने सोमसूत्राच्या दुसऱ्या कडेपर्यंत जा आणि पुन्हा समोर या. ही झाली एक.

काही घराण्यांत या टप्प्यांची सुरुवात दुसऱ्या बाजूने करतात; न ओलांडण्याचा नियम मात्र सगळीकडे सारखा. पन्हळ फरशीखालून गेली असेल किंवा दगडाने झाकली असेल तर पूर्ण फेरी चालते, असे मानणारेही पुष्कळ आहेत.

*सावधान:* गर्दीच्या दिवशी अर्धी प्रदक्षिणा घालणारा माणूस परत फिरला की समोरून येणाऱ्यांशी धडकतो. महाशिवरात्रीला पन्हळीशी थांबून तिथूनच नमस्कार करणे शहाणपणाचे.

*साष्टांग.* आठ अंगे म्हणजे छाती, डोके, दृष्टी, वाणी, मन, पाय, हात आणि गुडघे. यांतली पाच दिसतात, तीन दिसत नाहीत. उभ्याने हात जोडा, मग आधी गुडघे टेका, मग तळवे, मग छाती, शेवटी कपाळ. हात डोक्याच्या पुढे सरळ करून पुन्हा जोडा. उठताना उलटा क्रम. उभ्याने एकदम हातांवर पडणारे मनगट मुरगळून घेतात, आणि उठताना आधी डोके वर झटकणाऱ्याला चक्कर येते. समोर तुमच्या उंचीच्या दीडपट मोकळी जागा हवी. फरशीवर समईचे तेल सांडलेले असते, तेही पाहा. पाय दुसऱ्या देवाच्या गाभाऱ्याकडे जाणार नाहीत असे वळून झोपा.

बायका परंपरेने पंचांग नमस्कार करतात: दोन गुडघे, दोन तळवे आणि कपाळ, पोट जमिनीला न लावता. गुडघेदुखी असलेल्या पुरुषांनीही हाच करावा, त्यात कमीपणा नाही.

*आरती घेणे.* तबक समोर आले की उजव्या हाताने दक्षिणा ठेवा, मग दोन्ही तळवे ज्योतीवर वीतभर उंचीवर क्षणभर धरून डोळ्यांना आणि कपाळाला लावा. पदर किंवा ओढणी आधी खोचून घ्या. ओवाळणाऱ्यासाठी एक प्रचलित पद्धत अशी: पायांशी 4 वेळा, नाभीशी 2, मुखाशी 1, आणि सगळ्या अंगावरून 7, मिळून 14. चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट आरतीचा ताल चढला की ओवाळणारा हात तालावर नाचायला लागतो आणि कापूर वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीपर्यंत उडतो. ताल घुमट आणि शामेळ या वाद्यांना राहू द्या, हात संथ ठेवा.

*तीर्थ.* उजवा तळवा खोलगट करून डाव्यावर ठेवा, आवाज न करता प्या. तोंडाला लागलेला हात लगेच डोक्यावरून फिरवण्याची सवय सर्रास आहे. जुनी माणसे त्याला उष्टा हात म्हणतात. रुमालाला पुसा.

*गाऱ्हाणे आणि कौल.* पेडणे भागात गाऱ्हाणे चालू असताना सगळ्यांनी हात जोडून उभे राहायचे आणि प्रत्येक वाक्याला एकसुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. मध्येच हात सोडून फोटो काढायचे नाहीत. देवाकडे कौल लावायचा (मूर्तीला पाकळ्या लावून कोणती पडते ते पाहायचे) असेल तर प्रश्न एकच, आणि उत्तर हो किंवा नाही असेच येईल असा. ‘मुलाने दुबईला जावे की इथे दुकान घालावे’ हा प्रश्न पाकळीला झेपत नाही. ‘दुबईला जावे का’ असे विचारा. मूर्तीला लावलेली पाकळी सर्वसाधारणपणे उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवळागणिक रीत थोडी बदलते, म्हणून आधीच विचारून ठेवा. पाकळी पडेपर्यंत हात जोडलेलेच, बोलणे बंद. नकार आला म्हणून तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा लावणे हा देवळातला सर्वांत जुना अडाणीपणा.

3. इगर्जीत: कधी उभे, कधी बसून, कधी गुडघ्यावर

इथे चपला काढत नाहीत. देवळाची सवय म्हणून दारात चपला सोडणारे परतताना अनवाणी शोधत बसतात.

*दारातले पाणी.* दाराजवळच्या दगडी भांड्यात आशीर्वाद दिलेले पाणी असते. कॅथलिक माणूस उजव्या हाताची बोटे त्यात बुडवून खुरसाची (क्रुसाची) खूण करतो: कपाळ, छातीचा खालचा भाग, डावा खांदा, उजवा खांदा. सोबत शब्द: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, आमेन. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स उजव्या खांद्यावरून डाव्याकडे जातात, म्हणून हणजुण-मोरजीच्या रशियन पाहुण्याला ‘चुकले’ म्हणून सांगायला जाऊ नका. हिंदू पाहुण्याने ही खूण केलीच पाहिजे असे नाही. त्या पाण्याने हात धुणे किंवा ते तीर्थासारखे पिणे मात्र टाळा.

*गुडघा टेकणे.* आल्ताराजवळ (मुख्य वेदीजवळ) किंवा बाजूच्या वेदीवर एक छोटी बंद पेटी असते आणि तिच्याशी अखंड दिवा तेवत असतो, बहुधा लाल काचेचा. त्या पेटीत पवित्र भाकर असते. बाकावर बसण्यापूर्वी तिच्याकडे तोंड करून उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा, पाठ ताठ, मग उठायचे. दोन चुका नेहमीच्या: डावा गुडघा टेकणे, आणि चालता चालता नुसता झोल देणे. भारतात या जागी हात जोडून कमरेत खोल वाकण्यालाही 1969 साली रोमकडून मान्यता मिळाली. वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो डोळ्यांना-कपाळाला लावणे, हेही त्याच वेळी मान्य झाले. त्यामुळे वाकून हात जोडणारा कॅथलिक हिंदूंची नक्कल करतो आहे असे समजू नका. पाहुण्याने मान लववली तरी पुरे.

*मिसातला क्रम.* मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा, म्हणजे पुढच्यांकडे पाहून उठता-बसता येते. साधारण क्रम:

- पाद्री आत येतात तेव्हा उभे. पापकबुलीत ‘माझ्या अपराधाने’ या अर्थाच्या शब्दांवर छातीवर हलकी मूठ.
- पहिल्या वाचनांना बसून.
- शुभवर्तमान वाचताना उभे. या वेळी अंगठ्याने तीन छोटे खुरीस काढतात: कपाळावर, ओठांवर, छातीवर.
- प्रवचनाला बसून, श्रद्धाकबुलीला उभे, अर्पणाच्या वेळी बसून.
- भाकर आणि द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनेत गुडघ्यावर. घंटा वाजते तो हाच भाग. या वेळी ये-जा पूर्ण बंद. ज्यांना गुडघे टेकायचे नाहीत त्यांनी शांत बसून राहावे.
- ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेला उभे. मग शांतीची खूण: आपल्याकडे शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात. हे पाहुण्यानेही करावे. चार बाके ओलांडून ओळखीच्यांना भेटायला जाऊ नये.

*कम्युनियन.* सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून. रांग लागते, पाद्री प्रत्येकाच्या हातावर पांढरी, गोल, पातळ भाकर ठेवतात. हा प्रसाद नाही. कॅथलिक श्रद्धेत ते ख्रिस्ताचे शरीर आहे आणि ते घेणे म्हणजे ती श्रद्धा जाहीर करणे. दुसऱ्या धर्माच्या माणसाने रांगेत जायचेच नाही. बाकावर बसून राहा, बाक अरुंद असेल तर उभे राहून इतरांना वाट द्या. चुकून रांगेत पुढे पोचलात तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्या, उजवा डाव्यावर. पाद्री समजतात आणि आशीर्वाद देऊन पुढे पाठवतात.

ज्यांना घ्यायचे आहे त्यांच्यासाठी: आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही खायचे नाही. डावा तळवा वर, उजवा त्याखाली आधाराला. ‘ख्रिस्ताचे शरीर’ ऐकल्यावर ‘आमेन’, मग एक पाऊल बाजूला होऊन तिथेच उजव्या हाताने तोंडात. चिमटीने ओढून घेऊ नये, चालत चालत खाऊ नये.

*सावधान:* भाकर खिशात टाकणे, घरी नेणे, मुलाला दाखवायला ठेवणे हा गंभीर अपराध मानतात. अजाणता हातात आली तर तिथल्या तिथे पाद्रींना परत द्या.

*फेस्त आणि खुरीस.* सां फ्रांसिस्क शाव्हिएरचे (सेंट फ्रान्सिस झेवियरचे) फेस्त, म्हणजे सण, 3 डिसेंबरला. त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोवेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना). मेणबत्ती, तेल, फुले हे अर्पण कुणीही करावे. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी, तेल घेऊन येणाऱ्या हिंदूंची रांग मोठीच असते. तेल नेमलेल्या भांड्यातच ओता. मूर्तीच्या पायावर ओतू नका, हळदकुंकू लावू नका. वाड्यावरच्या खुरसापाशी लदीन (गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना) असेल तर शेवटपर्यंत उभे राहा. चणे वाटायला लागल्यावर उगवणारे सगळ्यांना ठाऊक असतात.

*मरणाला.* शवपेटीजवळ जाऊन हात जोडा, मान लववा. कबरीशी मूठभर माती टाकताना उजव्या हाताने, हलकेच. ढेकूळ फोडून घ्या, पेटीवर आपटणारा आवाज घरच्यांना लागतो.

4. मशिदीत: वजूपासून सलामपर्यंत

नमाज पढणे हा मुसलमानाचा फर्ज, म्हणजे बंधनकारक कर्तव्य. पाहुण्याने सफेत (नमाजाच्या रांगेत) उभे राहू नये. मागच्या भिंतीशी बसावे. वजूही (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणे) पाहुण्याला लागत नाही. फोंड्याची सफा मशीद 1560 सालची. तिच्याजवळचा चिरेबंदी हौद पाहायला जाणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे: चपला पायरीखाली, उजवा पाय आधी आत, नमाजाच्या वेळी फोटो नाही.

*वजू.* क्रम मोडला तर गोंधळ होतो, म्हणून आधी तो पाठ करावा: मनात नियत (हेतू), मनगटापर्यंत हात 3 वेळा, चूळ 3, नाकात पाणी 3, चेहरा 3, कोपरांसह हात 3 (आधी उजवा), डोक्याचा मसाह (ओला हात फिरवणे) 1 वेळा आणि कान, मग घोट्यांसह पाय 3 (आधी उजवा). कोरडे राहतात ते तीन भाग: कोपराचा मागचा भाग, टाच, आणि पायाच्या बोटांमधली जागा. अंगठी घट्ट असेल तर फिरवून घ्या. नखांवर पॉलिश असेल तर खाली पाणी पोचत नाही, वजू होत नाही.

*दिशा.* गोव्यातून किब्ला (मक्केतल्या काबाची दिशा) सरळ पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून सुमारे 15 अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. घरी नुसते समुद्राकडे तोंड करून चटई टाकणारे इथेच चुकतात, कारण आपला किनाराही सरळ उत्तर-दक्षिण नाही.

*एक रकअत (नमाजाचा एक फेरा).* ‘अल्लाहु अकबर’ म्हणत हात कानांपर्यंत. मग उजवा हात डाव्यावर. इस्लामी विधिपरंपरांपैकी हनफी पुरुष नाभीखाली बांधतात, शाफई नाभीच्या वर. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, त्यामुळे एकाच सफेत दोन्ही दिसतात आणि दोन्ही बरोबर. मग रुकू: पंजे गुडघ्यांवर, पाठ आडवी सपाट. पुन्हा सरळ उभे, सांधे स्थिर होईपर्यंत. मग सजदा (कपाळ जमिनीला टेकणे), मध्ये बसणे, दुसरा सजदा.

सजद्यात सात भाग जमिनीला लागले पाहिजेत: नाकासह कपाळ, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटे. पुरुषांच्या नेहमीच्या चुका: कोपरे जमिनीवर पसरणे, पायांची बोटे उचलली जाणे, टोपीची कड पुढे येऊन कपाळ अधांतरी राहणे. शेवटच्या बैठकीत तशह्हुदच्या (श्रद्धेची साक्ष म्हणण्याच्या) वेळी उजवी तर्जनी उचलतात, आणि सलाम आधी उजवीकडे, मग डावीकडे.

पाच वेळच्या नमाजांच्या फर्ज रकअती: फजर 2, जोहर 4, असर 4, मगरीब 3, इशा 4. शुक्रवारी जोहरऐवजी खुत्बा (प्रवचन) आणि 2.

*तपासून पाहा:* रुकूतून उठून थेट सजद्यात कोसळता का? मध्ये पाठ पूर्ण सरळ झाली नाही तर ती घाई आहे. इमामाच्या आधी हलणेही तसेच.

*सावधान:* नमाज पढणाऱ्याच्या पुढून कधीही जाऊ नका. मागून वळसा घाला किंवा तो सलाम फिरवेपर्यंत थांबा. हा नियम निकाहाला आलेल्या पाहुण्यांनाही लागू.

5. गुरुद्वारात, थोडक्यात

बेतीच्या गुरुद्वारात डोके झाकलेले हवे. टोपीपेक्षा रुमाल बरा. हात-पाय धुऊन आत, ग्रंथसाहिबांसमोर गुडघे टेकून माथा टेकणे, मग मांडी घालून बसणे. पाय ग्रंथाकडे पसरायचे नाहीत. कडाह प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत, बसून घ्यायचा. तो सर्वांसाठी असतो, नको म्हणू नये. थोडा हवा असेल तर तसे आधी सांगावे. तुपकट हात जाजमाला पुसू नका.

6. गुडघे, कंबर आणि खुर्ची

शरीर साथ देत नसेल तर प्रत्येक ठिकाणी सोय आहे. देवळात उभ्यानेच हात जोडून मान लववावी. मिसात गुडघ्यावर जाण्याच्या वेळी बसून राहिले तरी चालते. फक्त मागच्याचे जोडलेले हात तुमच्या पाठीला लागू नयेत म्हणून थोडे पुढे सरकून बसा. मशिदीत खुर्चीवर नमाज पढता येते: रुकूसाठी थोडे आणि सजद्यासाठी त्याहून अधिक झुकायचे. पुढे टेबल किंवा उशी मांडून तिच्यावर कपाळ टेकायची गरज नाही. पूर्ण नमाज बसून असेल तर खुर्चीचे मागचे पाय सफेच्या रेषेत ठेवा, आणि खुर्ची सफेच्या टोकाला लावा, म्हणजे मागच्या माणसाची सजद्याची जागा अडत नाही.